आज सगळ्यांना पळस

पानबाई कुणालाही नावानं हाक मारत नसत. झाडानं मारत. दवाखान्याच्या दारातून डोकं बाहेर काढून त्या हळू आवाजात म्हणायच्या, "बेहडा या. करंजवाले, तुमी बसा अजून." मग पडवीतल्या गर्दीतून एखादा म्हातारा बाईंनी दिलेलं बेहड्याचं पान सांभाळत उठायचा आणि आत जायचा. तो कोण, कुणाचा, त्याला काय झालंय, यातलं एक अक्षर पडवीला कळत नसे. बाहेर सकाळचं धुकं असायचं, सागाच्या झाडांचे नुसते बुंधे दिसायचे, आणि आत-बाहेर झाडांचीच नावं चाललेली असायची. मला कधी कधी वाटायचं, ही माणसं येतच नाहीत, आजारी पडलेलं जंगलच इथं औषधाला येतं.

नवा माणूस 'पानबाई' ऐकून समजायचा की बाईंना विडा खायची सवय असणार. बाईंनी आयुष्यात तोंडाला पान लावलं नव्हतं. त्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई, मूळच्या ब्रह्मपुरीकडच्या. ऐन तारुण्यात नवरा गेला, मग नागपूरला नर्सचं शिक्षण घेऊन त्या या रानात आल्या. गोंडीत पानाला 'आकी' म्हणतात, म्हणून जंगलातल्या पाड्यांवरचे लोक त्यांना आकीबाई म्हणायचे. त्यांचं खरं नाव मी पहिल्यांदा पगाराच्या पाकिटावर वाचलं आणि हे कोण, असा प्रश्न मला पडला.

माझी ओळख झाली ती माझ्याच दुखण्यामुळे. वर्ध्याकडून बदली होऊन मी एटापल्लीच्या अलीकडच्या त्या गावात शाळामास्तर म्हणून आलो होतो. रस्ता जिथं सांगण्यापुरताच उरतो, तिथलं ते गाव. मला काय झालं होतं ते विचारू नका. दवाखान्यात गेलो, तर पडवीत माझे निम्मे विद्यार्थी आणि त्यांचे आईबाप बसलेले. आता यांच्यादेखत काय सांगायचं, म्हणून मी आल्या पावली परत फिरणार होतो. तेवढ्यात बाईंनी माझ्या हातात आवळ्याची डहाळी ठेवली. "बसा गुरुजी. काई बोलू नका. जे बोलाचं ते आत." मला इतकं हायसं वाटलं की अर्धं दुखणं तिथंच गेलं. उरलेलं बाईंच्या औषधानं गेलं.

पुढे मी बाजाराच्या दिवशी दवाखान्यात लिहायला बसू लागलो. तेव्हा आमचा भाग मध्य प्रदेशात मोडायचा. वरून छापील इंग्रजी फॉर्म येऊ लागले होते, आणि बाईंचं इंग्रजी औषधाच्या बाटल्यांपुरतं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला आत बसवलं, दार लोटलं आणि विचारलं, "गुरुजी, तुमच्या कानाले दार हाये का?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"असंल तं लावून घ्या. इथी ऐकलेलं शाळेत नाई न्याचं, अन् बायकोले पत्रातबी नाई लिवाचं."

फॉर्मवर रकान्यांची जत्रा भरलेली असायची. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, जात, धंदा, मालक कोण, घरात आणखी कुणाला काय. बाई एकेका रकान्यावर बोट ठेवून विचारायच्या, "हे औषधाले लागते का?" लागत असेल तर खोदून खोदून विचारायच्या. बाई पोटुशी आहे का, आधी वैदूचं काही घेतलं का, घरात कुणाला असाच खोकला आहे का. तिथं कुणी लाजलं तर रागावायच्या. "मह्यापाशी लाजसान अन् घरी जाऊन मरसान. हे सांगाच लागते." पण लागत नसेल तर त्या रकान्यात आडवी रेघ. "कागद विचारते म्हनून समदं सांगा लागत नाई. औषधाले लागते तेवढंच सांगा." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की पुढं पुढं पेशंटच ते मला ऐकवू लागले.

वरच्या ऑफिसातून एकदा विचारणा आली की आपल्याकडील फॉर्मांतील रकाने रिकामे का. बाईंनी शांतपणे सांगितलं, "लिवा गुरुजी, इथी शाई कमी येते." मी तसं लिहिलं. ऑफिसानं शाईची बाटली पाठवली, रकाने रिकामेच राहिले.

लाकडाच्या ठेकेदाराचा मुनीम एकदा घोड्यावर बसून आला. आमच्या मजुरांपैकी कोणाकोणाला काय रोग आहे ते सांगा, म्हणाला, कामावर ठेवायचं की नाही ते मालक बघतील. बाई त्या वेळी एका पोराच्या कानात औषध घालत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "मजूर तुमचे असतीन भाऊ, आजार त्याहिचा हाये." शेवटी मुनीम आपल्याच खोकल्याचं औषध घेऊन गेला. त्याचं पान कशाचं होतं, आठवत नाही.

आता या बाई चुकल्या कशा, ते सांगतो. डॉक्टर बाजाराच्या दिवशी यायचे आणि उन्हं कलायच्या आत निघायचे. त्यांना रांग चटकन लावता यावी म्हणून बाईंनी एका पावसाळ्यानंतर सोय केली. तापाला सागाचं पान, खोकल्याला अडुळशाचं, पोटाला बेलाचं, आणि अंगावर बधिर चट्टा असेल त्याला पळसाचं. कामं भराभर होऊ लागली. बाई खूश, डॉक्टर खूश, मीही माना डोलावल्या. कुठं काही लिहिलेलं नाही, तेव्हा कुणाला काय कळणार, असं आम्हाला वाटलं. पण तिथल्या माणसाला अक्षर वाचता येत नव्हतं, पान वाचता येत होतं. पान बघून तो झाड सांगायचा, झाडाचं वय सांगायचा, ते कुठल्या नाल्याकाठचं तेही सांगायचा. दिवाळी यायच्या आत सगळ्या बाजाराला ठाऊक झालं की पळस म्हणजे महारोग.

हे आम्हाला कळलं ते एका पोरीमुळे. तिला इथं आवळी म्हणतो, ते तिचं नाव नाही. लग्न होऊन दोनेक वर्षं झालेली, कडेवर लेकरू. तिच्या दंडावर चट्टा होता. नव्या गोळ्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या, आणि डॉक्टरांनी तिला तपासून सांगितलं होतं की गोळ्या नेमानं घेतल्यास हे जाईल, घरात कुणाला हिच्यापासून भीती नाही. पोर निर्धास्त झाली होती. आणि एका सकाळी ती दवाखान्याच्या मागच्या दारानं आली, ती रडतच.

बाजारातून घरी जाताना पान तिनं सवयीनं अंबाड्यात खोचलं होतं. सासूनं ते पाहिलं आणि ओढून घेतलं. शेजारणींनी पळसाचा अर्थ सांगितला. त्या दिवसापासून आवळीची थाळी अंगणात गेली. "बुढी म्हनते, येत्या बाजारी दवाखान्यात येतो, बाईलेच पुसतो. रोग असंल तं तू माहेरी जा," आवळी सांगत होती. "अन् लेकरू इथीच राहीन म्हनते. बाई, लेकरू मह्या अंगावर पेते अजून."

बाईंनी लेकरू आपल्याकडे घेतलं. ते त्यांच्या बोटाशी खेळत राहिलं. बाई म्हणाल्या, "मीच येडी. शाळा शिकली, अन् पान वाचाचं भुलली." एवढ्या वर्षांत त्यांचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी आवळीला सांगितलं, "तू काई कबूल करू नको, काई खोटंबी बोलू नको. गोळी मात्र चुकवू नको. बाजाराच्या दिवशी ये, नेहमीसारखी."

तो बाजाराचा दिवस मला अजून स्वप्नासारखा दिसतो. थंडी नुकती पडू लागली होती. धुक्यात पडवी भरलेली. आवळीची सासू अगदी पुढं बसली होती, ताठ, कुणाशी न बोलता. आवळी खांबाआड. बाई आतून टोपली घेऊन आल्या आणि वाटू लागल्या. पहिल्या माणसाला पळस. दुसऱ्याला पळस. खोकणाऱ्याला पळस, पोट धरून बसलेल्याला पळस. पडवीत कुजबुज उठली. पोलीस पाटील पाठीवरचा फोड घेऊन आले होते, ते चमकलेच. "बाई, मले पळस? काऊन?"

"पळसाले पानं तीनच, पाटील. कुठीबी जा. आज समद्यांले पळस."

मलाही एक पान मिळालं. मी लिहायला आलो होतो, दुखत काहीच नव्हतं, तरी गुपचूप घेतलं. एक बाईंनी आपल्या केसांत खोचलं. मग त्या सासूसमोर येऊन थांबल्या आणि एक तिच्या हातावर ठेवलं.

म्हातारीनं पान घेतलं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मले पान नोको. मह्या सुनेले काय झालं ते सांगा."

आवळीचा श्वास मला दारात ऐकू येत होता असं वाटतं, पण ते मनाचंही असेल. बाई म्हातारीशेजारी खाली बसल्या. आवाज चढवला नाही. "मायबाई, गुडघ्याचं दुखनं समद्यांले ठावं हाये तुमचं. पन त्याबिगर जे तुमी मले आत सांगतलं, ते सुनेले सांगतलं का म्या? पोराले सांगतलं का?"

म्हातारीनं आत काय सांगितलं होतं ते मला माहीत नाही, तो फॉर्म बाईंनी मला लिहायला दिला नव्हता. मग तिनं हात पुढं केला, पान घेतलं आणि पदराच्या गाठीला बांधलं. "महा नंबर कवा येते?" एवढंच तिनं विचारलं.

त्या दुपारी सगळा बाजार पळसानं भरला होता. फेट्यात पळस, टोपलीत पळस, बैलाच्या शिंगाला कुणी गमतीनं बांधलेला पळस. एका मुरमुरेवाल्यानं तर गोळा केलेल्या पानांवरच मुरमुरे विकले. त्यानंतर बाईंनी दुखण्यावरून पान देणं कायमचं सोडलं. डोळे मिटून टोपलीत हात घालायच्या, येईल ते द्यायच्या. काम सावकाश झालं, डॉक्टर थोडे कुरकुरले. आवळीची थाळी घरात परत गेली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिच्या दंडावरचा चट्टा पुसट झाला, आणि डॉक्टरांनी हसून मान डोलावली.

बाईंची बदली सिरोंच्याच्या पलीकडे झाली तेव्हा फाल्गुन होता. मला काहीतरी तुटल्यासारखं झालं. त्या गावात मला घरचं असं एकच माणूस होतं, हे त्या दिवशी कळलं. बैलांची दमणी दवाखान्यासमोर उभी होती आणि पाड्यापाड्यांवरून लोक येत होते. प्रत्येक जण हातातलं पान दमणीत ठेवायचा, आंब्याचं, बेलाचं, कडुनिंबाचं, आणि बाजूला व्हायचा. बाईंची ट्रंक पानांखाली दिसेनाशी झाली. पळसाचं पान मात्र कुणाकडेच नव्हतं, कारण सगळं रान तेव्हा फुलांनी पेटलेलं आणि पळसाला औषधालाही पान उरलेलं नव्हतं.

सगळ्यांत शेवटी आवळीची सासू आली. मागं आवळी, तिच्या बोटाला धरून लेकरू चालत होतं. म्हातारीनं कनवटीतून एक फडकं काढलं. आत वाळून तांबूस झालेलं पळसाचं पान होतं.

"हे तुमी मले देल्लेलं नोहे," ती इतकं हळू म्हणाली की दमणीला टेकून उभ्या असलेल्या मलाच ते ऐकू आलं. "हे सुनेच्या केसातलं. त्या बाजाराच्या आधीचं. मले तवाच समजलं होतं, बाई."

बाईंनी पान हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं. इतक्या महिन्यांनंतर, चट्टा गेल्यावर, कळून चुकलेल्या माणसाशी मन मोकळं करायला हरकत नव्हती.

"पळसाचं हाये," बाई म्हणाल्या. "पन याच्यावर नाव कुठी हाये कोनाचं? म्या तं समद्यांले देल्लं होतं."

म्हातारीचे डोळे भरून आले आणि ती हसली. "हो," ती म्हणाली. "समद्यांलेच देल्लं होतं." तिनं पान परत फडक्यात बांधलं, मागं वळून नातवाला उचललं आणि सुनेला म्हणाली, "चाल, घरी चाल."

दमणी निघाली. लाल फुलांच्या रानात ती बराच वेळ दिसत राहिली, मग दिसेनाशी झाली. बाईंची नि माझी पुन्हा भेट झाली नाही. आता दवाखान्याच्या खिडकीवर मला कुणी मोठ्यानं विचारतं, काय तक्रार आहे आजोबा, तेव्हा मी म्हणतो, डॉक्टरांना सांगेन. मागची माणसं म्हातारा खडूस आहे असं समजतात.

आवळीचं खरं नाव मला अजून पाठ आहे. औषधाला लागलं असतं, तर सांगितलं असतं.