रांजणाच्या तळाचं ऊन

दगडूचा मुलगा फोनवर एवढंच म्हणाला, "काका, आबा गेलं." आणि मी मूर्खासारखं विचारलं, "कुठल्या विहिरीत?" माझा हा बालमित्र गावोगावच्या विहिरींत बुड्या मारून पडलेल्या बादल्या, अडकलेले पंप काढायचा. तो घरात, खाटेवर, झोपेत जाईल हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. महिना उलटला, अजूनही पटत नाही.

निघोजजवळ कुकडीच्या पात्रात पाण्याने कोरलेले खोल रांजणखळगे आहेत. लोक वरून फोटो काढतात, दगडू आत उतरायचा. आधी काठावर साती आसरांना हळदकुंकू वाहायचा, मग कमरेला दोरी बांधून दुसरं टोक माझ्या हातात द्यायचा. एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे ओढ. मला पोहता येत नाही, त्यामुळे तळाचं जे काही ठाऊक आहे ते त्याच्या तोंडून. "खाली हिरवा उजेड हाय, मास्तर. दगड लोन्यावानी मऊ लागतो... आन् आवाज कसलाच न्हाई." जन्मभर भूगोल शिकवला मी, पण त्याचं ऐकताना काठावर बसल्या बसल्या बुडून जायचो.

मोठ्या रांजणाच्या तळाशी एक खिडकी आहे आणि ती शेजारच्या रांजणात उघडते, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. एका वैशाखात ती शोधायला तो उतरला. "दोरी सैल सोड," एवढं बजावून गेला. झटके येत होते... मग थांबले. मी जीव खाऊन ओढलं. खांदा सोलवटून तो वर आला आणि धापा टाकत म्हणाला, "पलीकडचं ऊन दिसलं हुतं रं... बघता बघता झटका द्यायचाच इसारलो."

पुन्हा दोरी धरायला मी साफ नकार दिला. दुसऱ्या कुणाला घेऊन जा म्हटलं. "दुसऱ्याच्या हातात न्हाई द्यायचो," म्हणाला, आणि त्या रांजणात पुन्हा कधी उतरला नाही. माझ्या भित्रेपणामुळे त्याची खिडकी हुकली, ही बोच मला इतकी वर्षं आहे. शेवटच्या भेटीत एकदाचं बोलून टाकलं. तो खाटेवरून हसला. "ऊन दिसलं, त्ये काय कमी हाय व्हय?"

तेरावं झाल्यावर मुलाने ती दोरी मला दिली. केडगावच्या आमच्या घरात खुंटीला लोंबते आहे, टोकाशी हळदीचा डाग अजून आहे. परवा बायको तिची नीट गुंडाळी करायला लागली.

"राहू दे," मी म्हणालो. "सैलच असू दे."