बर्फाच्या ट्रेमधलं वाटण

बर्फाचा ट्रे पिळला की होणारा तो कटकट आवाज मला आजही सहन होत नाही. नव्वदच्या दशकात आम्ही आखातात, अल ऐनला होतो. मी एका हॉस्पिटलच्या ऑफिसात होते, घरी यायला संध्याकाळचे सहा वाजायचे. म्हणून सुट्टीच्या शुक्रवारी कांदा-खोबरं चांगलं काळपट भाजून वाटायचे आणि ते वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवायचे. रोज दोन वड्या कढईत टाकल्या की वीस मिनिटांत कधी उसळ, कधी अंड्याचा रस्सा तयार. एका शनिवारी दार उघडलं तर हॉलमध्ये नवऱ्याचे दोन मित्र, हातात सरबताचे थंडगार ग्लास; आणि किचनच्या सिंकमध्ये माझं अख्ख्या आठवड्याचं वाटण, तपकिरी पाण्यात विरघळलेलं. दुपारीच घरी आलेल्या नवऱ्याला बर्फ लावायला ट्रे हवे होते. "एवढं काय त्यात? शुक्रवारी परत वाट ना," तो म्हणाला. टीव्हीसमोरून मुलगी म्हणाली, "आई, इट्स ओन्ली मसाला." ओन्ली मसाला! माझ्या सहा संध्याकाळी होत्या त्या. वर नवऱ्याने मित्रांसमोर विचारलं, "मग आज जेवायला काय?" मी तीन ताटं घेतली, उरलेला बर्फ ट्रे पिळून काढला, प्रत्येक ताटात चार-चार खडे वाढले आणि तिघांपुढे ठेवून म्हटलं, "यल्ला, चला, गरम आहे तोवर जेवून घ्या." नवरा ही गोष्ट अजून चारचौघांत गंमत म्हणून सांगतो. सगळे हसतात. मी अजून हसलेले नाही.