खाडेमास्तरची सरासरी

कोणी मेल्याचं सांगितलं तरी खाडेमास्तर आधी वेळ विचारायचा. मनोहर एकदा म्हणाला, "मास्तर, मामाची माती होती, म्हणून रविवारी नाही आलो." मास्तरनं मान वर न करता विचारलं, "माती किती वाजता होती?" दोन वाजता, असं मनोहरनं सांगितलं. "शर्यत नऊले होती," मास्तर म्हणाला, आणि फळ्यावर मनोहरच्या नावापुढं आठ लिहिला.

त्याचं आडनाव खाडे नव्हतं आणि तो कोणत्या शाळेत मास्तरही नव्हता. त्यानं सगळी उमर जहाजावर नोकरी केली. तिकडं बंदरात रविवारी साहेब लोक शिडाच्या होड्यांच्या शर्यती लावत आणि हा काठावर वही धरून बसे. म्हातारपणी गावी परतला तेव्हा त्याच्याजवळ एक पेटी, एक शिटी आणि ती वही होती. माझ्या धाकट्या बहिणीचा, सुमनचा, तो नवरा. बायकोच्या मोठ्या बहिणीला आमच्याकडं आकडसासू म्हणतात, ती मी. तोंडावर मी त्याला जवाईबुवा आणि तुम्ही म्हणत असे. इथं म्हणत नाही. ऐकायला तो नाही आणि मला लिहायला सोपं पडतं.

आमचं गाव सानगडीच्या बाजारापासून फार लांब नाही. गावाचा तलाव मोठा आहे, आणि डोंगे, म्हणजे खोड कोरून केलेल्या होड्या, तलावात पहिल्यापासून आहेत. कोणी मासे धरतं, कोणी शिंगाडे काढतं, माझ्यासारखं कोणी पलीकडच्या बांधीत धान पाहायला जातं. मास्तरनं दोन-दोन डोंगे बांबूनं जोडले, खताच्या पोत्यांची शिडं शिवली आणि तलावात दगड बांधून तेलाची रिकामी कॅन सोडली. कॅनला वळसा घालून परत यायचं. वल्हं फक्त वळायला वापरायचं, मारायचं नाही. आता आमच्याकडं वारा असतो किती? निम्मा वेळ डोंगे पाण्यात बेशरमाच्या झुडपांसारखे उभे. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधाशी, म्हशी धुणारे विचारत, "काहून थांबले? वल्हं हरपलं का?"

गुणांचा प्रकार तर गावाला पुष्कळ दिवस समजला नाही. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, असं ओळीनं. शेवटी ज्याची बेरीज सगळ्यांत कमी, तो जिंकला. जो आलाच नाही त्याचा खाडा, आणि खाड्याला एकूण डोंगे अधिक एक. डोंगे सात, म्हणून खाडा आठाचा. हंगामात दोन खाडे माफ. पहिल्या हंगामात मनोहर एका रविवारी आला नाही, मग दुसऱ्या दिवशी फळा पाहून घरी गेला आणि सगळ्यांत जास्त मार्क मलेच आहेत म्हणून बायकोला सांगितलं. तिनं शेजारी तीन घरी साखर वाटली.

माणसं यावीत म्हणून मास्तरनं काय नाही केलं. शर्यत संपली की गरम आलूबोंडा, पण डोंगा परत काठाला लावेल त्यालाच. पाहायला आलेल्याला नुसता वास. एकही खाडा नाही त्याला हंगामाच्या शेवटी स्टीलचा मोठा गंज, म्हणजे पातेलं. मोबाइलवर त्यानं सगळ्यांचा ग्रुप केला. त्यावर लोक शनिवारीच हात जोडलेलं चित्र टाकून उद्या जमत नाही म्हणून कळवत. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असे, "हात जोडल्याले गुण नाही."

मी त्यात कशी गेले, तर डोंगे सहाच भरत होते. तो घरी आला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही फक्त येत जा. जिंकू नका." जिंकायचा प्रश्नच नव्हता. माझा डोंगा जुना, शीड ठिगळाचं आणि मी सत्तरीच्या पलीकडं. मी दर रविवारी शेवटची येई. पण तीन-चारच डोंगे आले तर शेवटच्याला तीन-चारच गुण, आठ नाही. मनोहर त्या हंगामात चौदांपैकी सहा रविवार आला, सहाही वेळा पहिला. बाकी आठ रविवार गायब. दोन खाडे माफ करूनही सहा वेळा आठ त्याच्या बोकांडी बसले. बेरीज झाली तेव्हा मी दुसरी आणि मनोहर चौथा.

मनोहर फार चिडला. "हे बाई एक दिवस कोणाच्या पुढं नाही गेली, अन् माह्या वर कशी?"

"त्या आल्या," मास्तर म्हणाला. यापेक्षा जास्त तो कधी समजावून सांगत नसे.

पुढं त्याला लांबचं दिसेनासं झालं. कॅनला कोण नीट वळतो हे पाहायला दर रविवारी एकानं काठावर थांबणं आलं. कोणी थांबेना, कारण थांबलं की खाडा. तेव्हा त्यानं नवा नियम केला. काठावर ड्यूटीवर असलेल्याचा खाडा धरायचा नाही. तो पाण्यात नव्हता, पण कामावर होता. त्याच्या बाकीच्या रविवारांची सरासरी काढून तेवढे गुण त्याला द्यायचे. हा नियम सांगताना तो माझ्याकडं पाहत होता. मला वाटलं, म्हातारीला कळावं म्हणून पाहतो. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण सरासरी मला येते.

त्यानं माझ्याकडं का पाहिलं, हे गेल्या हंगामात कळलं. त्या रविवारी वारा नव्हता, शर्यत रद्द झाली, आलूबोंडे खाऊन लोक गेले. आम्ही दोघं पाळीवर बसलो होतो. तो पाण्याकडं पाहत म्हणाला, "बाई, सुमन गेली तेव्हा मी ड्यूटीवर होतो."

ते मला माहीत होतं. सुमनला कावीळ झाली तेव्हा तार मीच करवली होती. ती गेल्यावर अकराव्या दिवशी हा दारात उभा राहिला, हातात तिच्यासाठी आणलेली चप्पल. तेव्हापासून चाळीस वर्षं, आधी सुट्टीत आला की आणि पुढं रोज, मी त्याला जेवायला वाढलं, पण त्या दिवसाबद्दल कधी बोलले नाही. तोही नाही.

"तुम्ही खाडा धरला का?" त्यानं विचारलं. "ड्यूटीवाल्याचा धरत नाही. सरासरी असते."

मी म्हटलं, "सरासरी काढाले बाकीचे दिवस लागतात, जवाईबुवा. नऊ वर्षं संसार झाला. तुम्ही घरी होते किती?"

दुसरा कोणी असता तर रागावला असता. हा हिशेबाचा माणूस. त्याची बोटं खरंच हलली. वर्षाला एक महिना सुट्टी.

"नऊ महिने भरते," तो म्हणाला.

"मग काढा त्याच्यातून," मी म्हटलं आणि घरी आले.

पुढच्या रविवारी मी गेले नाही. ताप नव्हता, पाहुणे नव्हते, कोणाची माती नव्हती. घरी तांदूळ निवडत बसले आणि ते निवडलेलेच होते. नऊ वाजता शिटी ऐकू आली. दोनदा वाजली. तो नेहमी एकदाच वाजवत असे.

बुधवारी सकाळी तो झोपेतच गेला. माती अकरा वाजता झाली आणि सातही डोंगेवाले वेळेवर हजर होते, मनोहर सगळ्यांच्या आधी. परत येताना आम्ही पाळीवरच्या शेडजवळ थांबलो. फळ्यावर रविवारचे आकडे तसेच होते. माझ्या नावापुढं आठ पाहिजे होता. तिथं चार होता, आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'ड्यूटी'.

चार ही माझी सरासरी. त्यानं बरोबर काढली होती. फक्त मी ड्यूटीवर नव्हते. इतक्या वर्षांत त्या फळ्यावर त्यानं लिहिलेली ती एकच खोटी गोष्ट असेल.

मी पदरानं चार पुसला आणि आठ लिहिला. मनोहर म्हणाला, "राहू द्या ना बाई. मास्तरनं लिहिलं होतं."

"मी घरी होती," मी म्हटलं.

त्यामुळं माझा गंज गेला. दुसरं कोणी खाड्याशिवायचं नव्हतं, तेव्हा तो शेडमध्येच आहे आणि रविवारी त्यात चहा होतो. फळा आता मी लिहिते. लोक येतात, कारण न येऊन चालत नाही, आठ बसतो. मनोहर लग्नाची बोलणीसुद्धा दुपारची ठेवतो.

हंगाम संपला तेव्हा मी सगळ्यांच्या बेरजा केल्या. दोन खाडे माफ, म्हणून माझा तो आठ निघून गेला आणि माझा नंबर होता तोच राहिला. म्हणजे त्यानं लबाडी केली नसती तरी चाललं असतं. हे त्याला माहीत नसेल असं नाही, नियम त्याचाच होता. स्वतःसाठी मागायच्या वेळीही त्याला हा माफीचा नियम सुचला नाही. माझ्याजवळ त्यानं सरासरी मागितली, माफी मागितली नाही. त्यानं मागितलं तेवढ्याचंच उत्तर मी दिलं. तसं पाहिलं तर माझ्या वहीत त्याचाही खाडा एकच होता.