मंदाताईचं पुस्तक, माझ्या नोट्स

मी चोर आहे. आणि जिचं चोरलं, ती आज सकाळी गेली.

मंदाकिनी साळवे. आमची मंदाताई.

स्टुडिओच्या जुन्या ग्रुपवर सकाळपासून मेसेज येतायत, 'साधी, कष्टाळू बाई होती.'

साधी अजिबात नव्हती. फोटोवर काम करणारं तिच्याइतकं हुशार माणूस मी आजवर पाहिलेलं नाही.

अठ्ठ्याण्णव साली मी बी.कॉम. होऊन संगमनेरच्या एका फोटो स्टुडिओत लागलो. मंदाताई तिथं दहा-बारा वर्षं टचिंग करत होती. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल, प्रिंटवर ब्रश. नवरीच्या गालावरचे देवीचे व्रण ती असे घालवायची की नवरीलाही शोधून सापडू नयेत.

मग स्टुडिओच्या शेठनी कॉम्प्युटर आणला. सोबत पुण्याहून एक जाडजूड पुस्तक. फोटो एडिटिंग, अगदी पहिल्या पायरीपासून. सगळं इंग्रजीत. पानोपानी स्क्रीनची चित्रं, लाल बाण, गोलातले आकडे.

पुस्तक माझ्या हातात दिलं. मी ग्रॅज्युएट ना!

आठवडाभर वाचलं. शब्द कळायचे, काम कळायचं नाही.

मंदाताई मागं उभी राहून चित्रं बघायची. सातवी पास. एक दिवस म्हणाली, "तू नुसतं मोठ्यानं वाच. बान कुठं दावलाय ते मी बघते."

"ताई, जमेल तुम्हाला?"

"आरं, हे माझंच काम हाय. ब्रश तेवढा मशिनीत घातलाय."

मी वाचायचो, अर्धंमुर्धं मराठीत सांगायचो. माऊस तिच्या हातात. दोन महिन्यांत पुस्तक संपलं. माझं नाही, तिचं.

आणि पानांच्या कडेला तिनं पेन्सिलीनं मराठीत लिहून ठेवलं.

फोटोतला भाग निवडायच्या लासो टूलपाशी लिहिलं, 'दावं. ज्याला बांधायचं त्याच्या भवती फिरव.'

लेयरपाशी, 'काचा. एकीवर एक ठेव. वरची बिघडली तरी खालची शाबूत.'

डाग घालवायच्या टूलपाशी, 'शिक्का. चांगली कातडी उचल, डागावर ठेव. पन शेजारचीच उचल. लांबची कळून येती.'

हे शेवटचं पुस्तकात कुठंच नव्हतं.

एकदा पुणतांब्याहून एक बाई आल्या. त्यांचा मुलगा विहिरीत बुडून गेला होता. फोटो एकच, कुणाच्या तरी लग्नातला, आणि त्यातही निम्मा चेहरा पुढच्या माणसाच्या फेट्याआड.

मी म्हणालो, होणार नाही.

मंदाताईनं विचारलं, "पोरगं तुमच्यावर गेल्तं का बापावर?"

"हनुवटी माझी हुती त्याची."

तिनं त्या बाईंनाच कॅमेऱ्यापुढं बसवलं. आईची हनुवटी घेऊन चार दिवस पोराचा चेहरा पुरा करत राहिली.

बाईंनी फोटो बघितला आणि तिथंच फरशीवर बसल्या. "असाच हसायचा," म्हणाल्या. एवढंच.

त्या फोटोचं नाव झालं. लांबलांबून लोक यायला लागले. कुणी केलं विचारलं की शेठ माझ्याकडं बोट दाखवायचे.

मी 'नाही' म्हणालो नाही. एकदाही नाही.

मग शेठनी वरच्या खोलीत कॉम्प्युटर क्लास काढायचं ठरवलं. मंदाताई माझ्यासमोर त्यांना म्हणाली, "शेठ, शिकवायचं मी बघते."

शेठ हसले. "मंदाबाई, सातवी पास बाईकडं पोरं कोण पाठवील? आणि त्यात तुम्ही..."

वाक्य तिथंच सोडलं त्यांनी. ती बौद्ध घरातली. पुढचं काय होतं ते तिला कळलं. मलाही कळलं.

मी मान खाली घालून कीबोर्ड पुसत बसलो.

बोर्डावर माझं नाव लागलं. मंदाताईला काउंटरवर बसवलं, प्रिंट पाकिटात भरायला. पुस्तक स्टुडिओचं म्हणून माझ्याकडंच राहिलं. तिचं कडेचं सगळं मी टाईप केलं, झेरॉक्स काढल्या, वर लिहिलं 'सरांच्या नोट्स'.

दावं, काचा, शिक्का. सगळं.

मुलं म्हणायची, "सर, तुम्ही किती सोपं करून सांगता!"

एका मुलीनं ती झेरॉक्स काउंटरवर विसरली. मंदाताईनं वाचली. जिना चढून वर आली. वर्ग भरलेला.

"दिलीप, माझं नाव पुसायला कुठलं टूल वापरलंस रं?"

वर्ग हसला. त्यांना वाटलं, गंमत.

मीही हसलो.

हसलो, हे खरं.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. सुप्याला भावाकडं गेली, एका कारखान्यात पॅकिंगला लागली. वीस वर्षं खोकी चिकटवली. कॉम्प्युटरला परत हात लावला नाही, असं भाऊ सांगतो.

गेल्या वर्षी हिंमत करून सुप्याला गेलो. चहा दिला तिनं. गुडघ्याचं सांगितलं, भाचीच्या नोकरीचं सांगितलं. मी सुरुवात केली, "ताई, तेव्हा मी..."

"माफ केलं असं ऐकायचंय व्हय तुला?"

मी मान हलवली.

"मग न्हाई मिळायचं. चहा पी, गार व्हतोय."

प्यायलो. उठलो. रस्त्याला लागलो. गाडीत बसून रडलो, पण त्याचं कौतुक कुणी करू नये. पंचवीस वर्षं उशिरा आलेलं रडू कुणाच्याच उपयोगाचं नसतं.

ही पोस्ट मी आधी लिहायला हवी होती. ती वाचू शकत होती तेव्हा. तेव्हा मला माझं 'सर' जपायचं होतं.

माझ्या क्लासला बसलेले बरेच जण इथं आहेत. कुणाचा अकोल्यात स्टुडिओ आहे, कुणी नाशिकला अल्बम डिझाईन करतं, कुणी पुण्यात जाहिरातीत आहे. आज फोन करून मला धीर देऊ नका.

तुम्हाला मी शिकवलेलं नाही. मंदाकिनी साळवे यांनी शिकवलंय. तुमच्या बाई आज गेल्या.

उद्या सकाळी दहाला सुप्यात अंत्यविधी आहे. ज्यांना जमेल त्यांनी या.

मंदाताई, शेवटचा जयभीम.