कोवलमचा वास

परवा तमिळ किनाऱ्यावरच्या कोवलमला बसमधून उतरलो आणि सुकत्या मासळीचा वास आला. कॉलेजातल्या आमच्या रॉक बँडचं नाव ‘कोवलम’ होतं, कारण ड्रम वाजवणारा सेल्वम याच गावचा. त्याने वडिलांच्या पालथ्या होडीवर ठेका धरला, तेव्हाच आम्ही नाव ठरवलं.

तालीम आमच्या घरी असायची. तंजावरी मराठी घर, मासळी वर्ज्य. एकदा सेल्वम होडीवरून थेट आला. आईच्या कपाळावरची आठी पाहून मी म्हणालो, “शर्ट बदलून ये ना, वास येतोय.”

त्याने बाही हुंगली. “हेच कोवलम,” म्हणाला आणि ड्रमच्या काठ्या माझ्या हातात देऊन निघून गेला.

आम्ही दुसरा ड्रमर आणला. नाव तेच ठेवलं.

परवा सेल्वमला न भेटताच त्याच बसने परतलो.