फिरती फळी

जुनं चाकांवरचं घर विकत घेऊन हौसेनं दुरुस्त करावं, म्हणून मी भंगारवाल्या शौकतभाईंकडे गेलो. ट्रेलर सर्कशीतल्या एका कुटुंबाचा होता. पत्रा ठोकून पाहिला, वाकून खालचा सांगाडा पाहिला. पण बनावट कुठली, काळ कुठला, काही उमगेना. आत कोपऱ्यातली, पुढच्या कडेला नक्षी कोरलेली एक रिकामी फळी तर चक्क बेअरिंगवर बसवलेली. बोट लावलं तर गरगर फिरली.

"हे कशाला?"

"देव असायचे त्यावर," शौकतभाई म्हणाले. "गाडी कुठल्या गावात कशीही उभी राहायची. मग देवांची तोंडं पूर्वेला वळवायची."

"आता देव कुठायत?"

"सर्कशीतले लोक घेऊन गेले. पण क्रेननं गाडी हलवली की मी फळी वळवून ठेवतो बघा."

मी आणखीच गोंधळलो. त्या कोपऱ्यात मी फ्रिज बसवणार होतो. माझं घर वीस वर्षांत तसूभर हललेलं नाही, तरी त्याचं तोंड कुठल्या दिशेला, हे मला छातीठोक सांगता येणार नाही. मग फिरतं घर नेमकं कुणाचं?

मघाशी फिरवलेली फळी जागेवर आणावी, म्हणून पूर्व विचारायला वळलो. शौकतभाईंनी ती केव्हाच हलक्या हातानं वळवून ठेवली होती.