सुमनच्या कागदावरचा शेरा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. पत्नीलाही नाही. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीची यादी असते — ही गोष्ट कुठल्याच यादीत नाही.

तुम्ही मला ओळखता ते माझ्या कामामुळे. अस्पृश्य ठरवलेल्या घरांतली मुलं स्वतःला कमी का लेखतात, जात का लपवतात — मानसशास्त्रज्ञ म्हणून आयुष्यभर मी यावरच लिहिलं. मी स्वतः कोण, हे कुणी विचारलं नाही. की मीच विचारू दिलं नाही? मी महार, भंडाऱ्याकडचा. नोकरीआधी आडनाव बदललं आणि स्वतःला रायपूरचा जुना रहिवासी म्हणवू लागलो.

भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता. एका संस्थेला नर्सिंगसाठी मुली निवडायच्या होत्या. त्यांची मानसिक चाचणी माझ्याकडे; सोबत माझ्या अभ्यासाचे बारा प्रश्नही विचारून घ्यायचो. सुमन सतरा वर्षांची, बाप बांधकामावर मजूर. चाचणीत सगळ्यांच्या पुढे. नववा प्रश्न आला — जात लपवावीशी वाटते का?

"मी नाही लपवत, सर. तुमी?" ती हसली. "तुमी शेवंतामावशीचे नं? आईनं बजारात पाह्यलं तुमाले. कान तं मावशीचेच हायेत."

शेवंता माझी आई. भंडाऱ्याकडच्या गावात एकटी राहायची; सुमनची आई त्याच गावची निघाली.

मी म्हणालो, "नाही, मी तो नव्हे." आणि सुमन गेल्यावर तिच्या कागदावर लिहिलं — मनाने अस्थिर, भलत्या कल्पना करते, शिफारस नाही. अक्षर नेहमीसारखंच नीट आलं.

निवडलेल्या मुलींची यादी जायला चार दिवस होते. शेरा खोडायला एक रेघ पुरली असती. तिसऱ्या दिवशी भिलाईतल्या पावर हाउस भागातल्या बाजारात तिची आई समोर आली. हळूच म्हणाली, "भाऊ, पोरगी बोलून गेली, मनावर घेऊ नोका. मी कोनाले नाही सांगत. तिले तेवढं नर्सिंगले जाऊ द्या."

शेजारी ऑफिसातले दोघे भाजी घेत होते. मी हिंदीत म्हणालो, "कौन हैं आप? मैं आपको नहीं जानता."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग तीही हिंदीत बोलली. "गलती हो गई, साब."

यादी वेळेवर गेली. तिच्यात सुमन नव्हती.

पुढे ती मला एकदाच दिसली. सेक्टर दहात कारखान्याचे क्वार्टर बांधत होते, तिच्या डोक्यावर विटा होत्या. वाट अरुंद होती. मी थांबलो — कशासाठी, कोण जाणे. तिने मला ओळखलं, आणि साहेबाला वाट द्यावी तशी ओझ्यासकट बाजूला झाली. मी पुढे गेलो.